तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

माझ्या गॅरेजात एक पद्धत आहे. नव्या गिऱ्हाइकाला ती जरा चमत्कारिक वाटते. "गाडी धक्के मारते" म्हणून कोणी आलं की मी चावी मागत नाही. बाजूच्या सीटवर जाऊन बसतो आणि म्हणतो, "चला, तुम्हीच चालवा. जिथे त्रास देते तिथे न्या." काहींना वाटतं, मिस्त्रीकडे लायसन नसावं. एका बँकेतल्या साहेबांनी तर सरळ विचारलं, "तुम्हाला चालवता येत नाही का?" मी म्हटलं, "येतं, पण तुमच्यासारखं येत नाही." साहेब खूश झाले. मी चेष्टा केली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं.

ही पद्धत मला कोणा उस्तादाने शिकवलेली नाही. बोईसरला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उलट म्हणायचे की गिऱ्हाईक बोलायला लागलं की कान बंद करायचा आणि इंजिन बोलायला लागलं की उघडायचा. वीस-बावीस वर्षं मी तसंच केलं. केळव्याच्या राऊतवहिनींची गाडी माझ्याकडे आली आणि ते बंद झालं. तीच हकिगत इथे सांगतो. यात माझी काही शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं गॅरेज पालघर-बोईसर रस्त्यावर, कोळगावच्या अलीकडे. मूळचा मी साताऱ्याकडचा. चुलते तारापूरच्या एका कंपनीत होते, त्यांच्या मागोमाग आलो आणि इथलाच झालो. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. कंपन्यांतले लोक, म्हणजे शिफ्ट सुटली की येणारे, घड्याळाकडे बघत बोलणारे. आणि किनाऱ्याकडचे वाडीवाले, म्हणजे सकाळी येऊन सावलीत बसणारे, जाताना पिशवीतून चार सुपाऱ्या नाहीतर दोन नारळ काढून ठेवणारे. कंपनीवाल्यांच्यात नमुनेही पुष्कळ. एक केमिस्ट होते, ते इंजिनाचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणायचे. सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. मी ऐकून घ्यायचो आणि गंभीर चेहरा करायचो. फोनमध्ये सगळ्या गाड्या सारख्याच खोकतात, पण त्यांचं मन कशाला मोडा?

गाडी धक्के मारते, म्हणजे आमच्या भाषेत "मिसिंग" करते, हे काय असतं ते थोडक्यात सांगतो. आमच्या गावी तीन बायका एका उखळात कांडायला उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, एकीचं मधे, एकीचं खाली. हात बसलेले असले की आवाज असा एकसारखा यायचा की ऐकणाऱ्याला झोप लागावी. त्यांतली एक मधेच चुकली की सगळ्यांचाच ठेका बिघडायचा. जुन्या छोट्या गाडीत तीन सिलिंडर असतात, ते असेच पाळीपाळीने काम करतात. प्रत्येकाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण लागतं, ते नीट दाबलं जावं लागतं, आणि नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडावी लागते. यांतलं एक काही चुकलं की तो सिलिंडर नुसता वरखाली होतो, काम करत नाही. उरलेले दोन त्याला ओढत नेतात. आत बसलेल्याला तो धक्का जाणवतो.

तीनच कारणं, म्हणजे सोपं वाटतं. पण त्या तिन्हींच्या मागे पंचवीस जागा असतात. त्यात बिघाड कायमचा असला तर बरा, पकडता येतो. गाडी चालू ठेवायची आणि प्लगची एकेक वायर काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन बसतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच बसलेला. मात्र कधी येतो, कधी जातो अशा बिघाडाने भल्याभल्यांची परीक्षा होते. गॅरेजात आणलं की गाडी शहाण्यासारखी वागते, डॉक्टरसमोर खोकला थांबावा तशी.

कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. वसंत राऊत हे माझं जुनं गिऱ्हाईक. केळव्याला त्यांची सुपारी-नारळाची वाडी, आणि नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, पंप ऑपरेटर म्हणून. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत किडन्यांनी दगा दिला. दर सोमवारी आणि गुरुवारी बोईसरच्या एका दवाखान्यात डायलिसिस. माणसाचं रक्त बाहेर काढून मशीनमधून धुऊन परत आत सोडतात. चार तास लागतात. मशीनवरून उठलेला माणूस पिळून काढल्यासारखा होतो. जाताना रिक्षा मिळते, बस मिळते, पण येताना त्यात बसवत नाही.

राऊतांकडे जुनी पांढरी छोटी गाडी होती, कार्बोरेटरवाली, वीस वर्षांची. ती आता चालवायची कोणी? मुलगी लग्न होऊन लांब. मग त्यांच्या बायकोने, कुंदावहिनींनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायची ठरवली. केळव्यात याची पुष्कळ चर्चा झाली म्हणे. त्या शिकल्या, लायसन काढलं आणि नवऱ्याला बाजूला बसवून आठवड्यातून दोनदा केळवे ते बोईसर जाऊ लागल्या. तीस-पस्तीसच्या वर जायच्या नाहीत. मागचे हॉर्न वाजवायचे. त्यांचं लक्ष नसायचं.

एका गुरुवारी परत जाताना त्या गॅरेजवर थांबल्या. राऊतभाऊ बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

"शिंदेभाऊ, गाडी धक्के देते," वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीपाशी वाकलो आणि पलीकडे राऊतभाऊंना विचारलं, "कधीपासून देते हो?"

त्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे बोट केलं. "तिला विचारा."

"पंधरा दिवस झाले," वहिनी म्हणाल्या. "रिकामी असली तर नाय देत. दोघं बसलेलो असलो, आणि गरम झाल्यावर चढाला लागली, की मंग देते."

नीट ऐकलं असतं तर निम्मं निदान त्या वाक्यात होतं. मी गाडी चालू केली, उभ्या उभ्या रेस दिली, रस्त्यावर एकट्याने एक फेरी मारली. लोण्यासारखी चालली. म्हटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडला, साफ केला, फिल्टर बदलला. प्लगकडे बघितलंच नाही. का बघू? वीसएक दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडे आली होती, तेव्हा तिन्ही प्लग नवे कोरे मी माझ्या हाताने बसवले होते.

पुढच्या सोमवारी वहिनी पुन्हा दारात. "चढावर तसंच झालं."

या वेळी मी प्लगच्या वायरी बदलल्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत वायरींना चिरा पडतात, करंट बाहेर गळतो, हे आमच्याकडे नेहमीचं. मला वाटलं, हेच असणार. दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं. तिथून तिन्ही वायरींना पाळीपाळीने करंट वाटला जातो. चौथ्या खेपेला वहिनी आल्या तेव्हा माझ्याकडे बदलायला काही उरलं नव्हतं आणि गॅरेजात तीन गाड्या खोळंबल्या होत्या.

"वहिनी, राग मानू नका," मी म्हटलं, "पण चढाला तुम्ही गिअर उशिरा बदलता. इंजिनाला दम लागतो, त्याचे धक्के बसतात. नवीन चालवणाऱ्यांचं होतं असं."

त्यांनी गाडीकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "असंल. मी लवकर टाकून बघते."

माझं ते गिअरचं वाक्य बोलून मी लगेच विसरून गेलो. मला ते निदानच वाटलं होतं.

त्या गुरुवारी राऊत पती-पत्नी बोईसरला पोचलीच नाहीत. पालघरच्या अलीकडे गाडीने धक्के दिले, वहिनींनी आधी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, मागे कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. त्या घाबरल्या आणि तिथूनच गाडी वळवून घरी गेल्या. दवाखान्यात मशीनच्या पाळ्या ठरलेल्या असतात, एक चुकली की मधे जागा मिळत नाही. सोमवारीच या म्हणाले. किडन्या काम करत नसल्या की प्यायलेलं पाणी शरीराबाहेर पडत नाही, ते आतच साठतं. सोमवारपर्यंत राऊतभाऊंच्या पायांवर सूज चढली आणि त्यांना आडवं पडता येईना, श्वास कोंडायचा.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला माझा फोन वाजला. वहिनींचा आवाज अगदी सरळ होता.

"शिंदेभाऊ, गाडी बोईसरच्या अलीकडे चढावर बंद पडलीय. आमी टेम्पोने दवाखान्यात आलोय. चावी तिथल्या पंक्चरवाल्याकडे ठेवलीय. तुमी घेऊन जा."

"राऊतभाऊ कसे आहेत?"

"आत घेतलंय त्यांना. ऑक्सिजन लावलाय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

काय झालं ते मला पंक्चरवाल्याकडून कळलं. चढावर गाडी अडखळली आणि बंद पडली. वहिनींनी घाईत चोक ओढून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, इंजिनात पेट्रोल भरलं, मग ती चालू होणंच शक्य नव्हतं. राऊतभाऊ धापा टाकत होते, बोलता येत नव्हतं. वहिनी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. एक टेम्पो थांबला, एमआयडीसीत माल घेऊन चाललेला. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "चाची, आप चढ़ो, चाचा को मैं उठाता हूँ." त्याने राऊतभाऊंना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. तो कोण, कुठला, हे नंतरही कुणाला कळलं नाही.

मी गाडी ओढत गॅरेजात आणली, पण तिला हात लावला नाही. दुपारी दवाखान्यात गेलो. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बसायला जागा केली. म्हणाल्या, "आता बरं हाय. आत जा, तुमची आठवण काढत होते."

राऊतभाऊ मशीनच्या शेजारी पडून होते. हातातून दोन नळ्या निघालेल्या, त्यातून रक्त फिरताना दिसत होतं. त्यांनी स्टुलाकडे मान केली.

"मिस्त्री, काय काय बघितलंत ते पहिल्यापासून सांगा," ते हळू आवाजात म्हणाले.

"आत्ता कशाला, भाऊ?"

"चार तास मला दुसरं काय काम हाय? सांगा."

मी सांगितलं. कार्बोरेटर, फिल्टर, वायरी, झाकण. ते पंपाच्या खोलीत रिपोर्ट ऐकत असल्यासारखे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या प्लँटला पंप बिघडला की साहेब पहिला प्रश्न एकच विचारायचे. याला शेवटचा हात कोणाचा लागला? चांगलं चाललेलं मशीन आपोआप कमी बिघडतं. माणूस हात लावून गेला की जास्त. धक्के सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला होता?"

त्यांचा आवाज साधा होता. ते आरोप करत नव्हते, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "माझाच." आणि म्हणताना मला समोर दिसलं.

सर्व्हिसिंगच्या दिवशी तिसरा प्लग बसवताना तो माझ्या तेलकट हातातून निसटला होता. सिमेंटच्या फरशीवर पडला, टण्ण आवाज झाला, घरंगळत जॅकखाली गेला. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली होती. मी प्लग उचलला, टोकाची फट ठीक आहे का बघितलं, फडक्याने पुसला आणि बसवून टाकला. पडलेला प्लग परत लावायचा नाही, हे मी शिकाऊ होतो तेव्हापासून मला पाठ आहे. दुसऱ्या कोणी लावला असता तर मी त्याला दहा माणसांत सुनावलं असतं.

गॅरेजात येऊन तिसरा प्लग काढला. प्लगच्या टोकाशी, धातूच्या कडीच्या आत, पांढरी चिनीमाती असते. तिच्यामुळे करंट इकडेतिकडे न जाता टोकापर्यंत पोचतो. मी प्लग उन्हात धरला, भिंग लावलं. त्या पांढऱ्या मातीवर एक तडा होता, केसाएवढा, आणि त्यातून करंट गळून गळून काळी रेघ उमटली होती. गाडी रिकामी असली, इंजिन थंड असलं की हा तडा काही करत नाही. इंजिन तापलं, तडा फाकला, वर दोन माणसांचं वजन आणि समोर चढ आला की आतला दाब वाढतो, मग ठिणगी टोकापर्यंत जायच्याऐवजी तड्यातून पळते. रिकामी असली तर नाही, दोघं असलो, गरम झाली, चढाला लागली की देते. वहिनींनी पहिल्याच दिवशी, एकाच वाक्यात, शब्दही न चुकता हे सांगितलं होतं.

मी नवा प्लग लावला. मागच्या सीटवर सिमेंटच्या दोन गोणी टाकल्या आणि त्याच चढावर गाडी चार वेळा वरखाली केली. एकही धक्का नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात वहिनींच्या हातात चावी दिली. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"प्लग गेला होता," मी म्हटलं.

"प्लग तर तुमी आताच बदलले होते ना?"

माझ्या खिशात तो तडकलेला प्लग होता. हात खिशात होता. मी म्हटलं, "कधी कधी नवा मालही खराब निघतो, वहिनी."

एवढं सहज निघालं तोंडातून. वहिनींनी मान हलवली. म्हणाल्या, "झालं ते बरं झालं. आता गाडी विकायचीच हाय. धाकट्या दिरांनी गिऱ्हाईक बघितलंय. तुमी म्हणाला होता ते खरं हाय, माझ्या हाताला गाडी जमत नाय. आज यांना काय झालं असतं तर? मी रस्त्यावर उभी राहून तेच बोलत होते स्वतःला, कशाला शिकलीस म्हणून."

दारापाशी टेकून बसलेले राऊतभाऊ म्हणाले, "अगं, मिस्त्री सांगतात ना प्लग होता."

"प्लग असंल. पण बंद मीच पाडली."

मी त्यांना गाडीत बसताना बघत राहिलो. वहिनींनी सीटबेल्ट लावला, आरसा बघितला, पुन्हा बघितला. पहिला गिअर टाकायला त्यांना दोन खेपा लागल्या. महिन्यापूर्वी एका खेपेत टाकायच्या. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावरही मी तिथेच उभा होतो. बायकोने फोन केला तेव्हा घरी निघालो.

माझी बायको लक्ष्मी, हिला मी जेवताना सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता?" मी म्हटलं, "आता काय, गाडी दुरुस्त झाली." तिने ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "गाडी झाली. वहिनींचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं नाही. मोटरसायकलवरून केळव्याला गेलो. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. सांगून कुणाचं भलं होणार आहे? पालघर तालुक्यात गोष्ट पसरायला दोन दिवस पुरतात, आणि मिस्त्रीचं दुकान त्याच्या नावावर चालतं. वाटेतलं माहीम गाव गेलं, केळवं आलं, वाडीच्या कुडाच्या कुंपणाजवळ पोचलो तेव्हा परत फिरण्यात अर्थ राहिला नव्हता.

वहिनी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. राऊतभाऊ खुर्चीत बसले होते, चेहरा कालच्यापेक्षा बरा. मी बसलो नाही. खिशातला प्लग काढून वहिनींच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. माझ्या हातून पडला, मी तसाच लावला, पुन्हा तपासला नाही कारण तो मीच लावला होता, आणि काल विचारल्यावर खोटं बोललो. गिअरचं जे बोललो होतो, त्यालाही काही आधार नव्हता. तसा प्लग असताना मी चालवली असती तरी गाडी तशीच अडखळली असती.

वहिनींनी प्लग उन्हात धरला. "कुठे हाय तडा?"

मी दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"चार वेळा मी तुमाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "गरम झाल्यावर, दोघं असताना, चढावर. तुमी दर वेळेला यांना विचारायचे, गाडी कशी चालते म्हणून. हे तर वर्षभर गाडी चालवतच नाय. चालवते मी."

"हो," मी म्हटलं.

"आणि चौथ्या वेळेला तुमी मलाच सांगितलं, तुमची चूक हाय. मी मानलं. गुरुवारी यांना घेऊन परत फिरले, ती त्याच्यामुळे."

राऊतभाऊ खुर्चीतून म्हणाले, "जाऊ दे गं आता. माणूस घरी येऊन सांगतोय."

"येऊन सांगितलं ते बरंच केलं," वहिनी म्हणाल्या. "पण जाऊ दे नाय म्हणणार मी. चार दिवस हे बसल्या बसल्या झोपत होते, ते मी बघितलंय."

मी मान खाली घालून उभा राहिलो. थोड्या वेळाने त्या आत गेल्या. पाण्याचा तांब्या आणि चावी घेऊन बाहेर आल्या. तांब्या माझ्या हातात दिला.

"पाणी प्या. आणि गाडीत बसा, मागे. यांना पुढे बसवते. त्या चढावर मला एकदा जायचंय, तुमी असताना."

आम्ही तिघं गेलो. पालघर ओलांडलं, माझं बंद गॅरेज ओलांडलं. चढ आला. वहिनींनी त्यांच्या नेहमीच्या हाताने, त्यांना वाटलं तेव्हा गिअर बदलला. गाडी सरळ वर गेली, जरासुद्धा अडखळली नाही. वर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजींना फोन करून सांगा, गाडी विकायची नाय."

गोष्ट पसरेल ही माझी भीती खोटी ठरली. वहिनींनी कुणाला सांगितलं नाही. नंतर मीच सांगत सुटलो, कोणी "माझं काम पक्कं असतं" म्हणून टेबल बडवायला लागलं की. वहिनींनी परत दिलेला तो प्लग अजून माझ्याकडे आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही. शिकायला जे येतात त्यांनाही फक्त एवढंच सांगतो की तपासायला सुरुवात करायची ती आपण शेवटी जिथे हात लावला तिथून. आणि जो चालवतो त्याला विचारायचं. माणूस मेकॅनिक नसतो, त्याला नावं सांगता येत नाहीत, "घरघर" म्हणतो, "फुसफुस" म्हणतो, पण गाडीबरोबर रोज तो असतो, आपण नसतो.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. त्या चार दिवसांनी राऊतभाऊंच्या तब्येतीचं किती नुकसान झालं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पुढे दीड वर्ष दर सोमवारी आणि गुरुवारी साडेआठच्या सुमाराला पांढरी गाडी गॅरेजवरून जायची. वहिनी हॉर्न वाजवायच्या नाहीत, राऊतभाऊ हात वर करायचे. वहिनींचा वेग पन्नासपर्यंत गेला होता. मग राऊतभाऊ गेले. हृदय थांबलं, झोपेत. मी केळव्याला जाऊन आलो.

त्यानंतर तीनएक आठवड्यांनी, एका गुरुवारी साडेआठला, पांढरी गाडी येऊन गॅरेजसमोर थांबली. वहिनी एकट्याच होत्या. मी हात पुसत पुढे गेलो.

"काय झालं, वहिनी? काही त्रास देते?"

"नाय. गाडी बरी हाय." त्या उतरल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. "सकाळी आवरलं, पाण्याची बाटली भरली, निघाले. कोळगाव दिसायला लागलं तेव्हा लक्षात आलं."

मी खुर्ची पुसून सावलीत ठेवली. पलीकडून चहा मागवला. त्यांनी विचारलं, "थोडा वेळ बसू का?"

"बसा ना."

मी एका रिक्षाचं इंजिन उघडलं होतं, ते काम थांबवलं नाही. हत्यारांचा आवाज चालू राहिलेला बरा, असं मला वाटलं. अधूनमधून त्या विचारायच्या, हे काय आहे, ते कशाला काढलं, आणि मी सांगायचो. तास-दीड तास गेला असेल. मग त्या उठल्या, नळावर चहाचे दोन्ही ग्लास विसळले, फळीवर पालथे घातले आणि गाडी वळवून केळव्याच्या दिशेने निघून गेल्या.